दोन रिंगांचा फोन

शैला, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उठवलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. "शैला माझी मैत्रीण होती. अकरा वर्षं आम्ही दोघींनी मिळून क्लास चालवला." बस्स. हॉलमधल्या लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. गहिवरून आलं होतं हे खरंच, पण मी गप्प बसले ती त्यामुळे नाही. तिसरं वाक्य सुरू केलं असतं तर तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं, याची मला धास्ती वाटली. म्हणून आज तुला लिहितेय. तुला सांगायला काय हरकत आहे? तू काही कुणाला सांगणार नाहीस.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कान किटेपर्यंत बोलणारी तू, आणि माइक दिसल्यावर दातखीळ बसली होय गं, सुनंदा?"

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. बँकेत तू मागच्या बाईचा फॉर्म भरून देत होतीस आणि मी तुझ्या इंग्रजीत चूक काढली. तू चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "चूक नाहीये ती. तुम्हाला ऑफिसचं इंग्रजी येतं, मला शाळेचं येतं." बरोबरच होतं. तू मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, आणि मी फोर्टातल्या एका ऑफिसात सव्वीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलेली. महिन्याभरात आपण गोडदेवला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास सुरू केला. मी जिना चढले की घरी. तुला मात्र दोन रिक्षा बदलून हाटकेशला जायचं असे. म्हणून आपलं ठरलं होतं, तू घरी पोचलीस की मला फोन करायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. मी उचलायचा नाही.

उचलायचा नाही, हा नियम तुझा. सुरुवातीला मी एकदा उचलला होता. "उचललास कशाला? आता बोलावं लागेल," असं म्हणून तू चाळीस मिनिटं बोललीस आणि माझा भात करपला. त्यानंतर मी कधी उचलला नाही. पुढे फोन फुकट झाले, व्हिडिओवर बोलता यायला लागलं, तरी तुझ्या दोन रिंगा चालूच. जित्याची खोड, असं मी तुला हसत म्हणायचे. ती म्हण मी आता आयुष्यात वापरणार नाही.

क्लासमध्ये तुझा सगळ्यात लाडका धडा कुठला, हे आपल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मस्ट हॅव, माइट हॅव, कुड हॅव. घडलं असणार, घडलं असेल, घडू शकलं असतं. त्यासाठी तू फळ्यावर काही लिहायचीच नाहीस. दाराबाहेर एकच चप्पल ठेवायचीस आणि विचारायचीस, काय झालं असेल? काशीमीऱ्याच्या हॉटेलात काउंटरवर बसणारी नसरीन म्हणायची, "शी मस्ट हॅव लेफ्ट इन अ हरी." गोडदेव गावातली पारूबाई पदर खोचून उठायची. "दुसरी कुत्र्यानी न्हेली असल. ह्या इंग्रजीत कसा बोलाचा, बाई?" तू तिला ते बोलायला शिकवायचीस, आणि साठीची पारूबाई सगळ्या क्लासला ठणकावून सांगायची की अ डॉग माइट हॅव टेकन इट. हसून हसून पुरेवाट व्हायची.

आणि एकदा हेतलबेन उठली. कधी तोंड न उघडणारी हेतलबेन. कुड हॅव वापरून वाक्य करा म्हटल्यावर ती म्हणाली, "आय कुड हॅव बीन अ नर्स." मग हिंदीत म्हणाली, "ॲडमिशन हो गया था, टीचर. फिर शादी हो गई." मी घाईघाईने "व्हेरी गुड" म्हणून मोकळी झाले आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की अजून आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते कधी मिटलंच नाही. मी म्हणत होते, या बायकांना बँकेत बोलायचंय, पोरांच्या शाळेत बोलायचंय, डॉक्टरला काय दुखतंय ते सांगायचंय. जे झालं ते सांगता आलं की पुरे. जे झालंच नाही त्याचं इंग्रजी हवंय कुणाला? तू म्हणालीस, "जे झालं ते काय, कुणालाही सांगता येतं. जे झालं नाही, तेच बाईला कुणापाशी बोलता येत नाही." मी म्हटलं, बोर्डावर माणूस लाइनवर असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. तू म्हणालीस, "म्हणूनच तू ऑपरेटर झालीस." शुड हॅव तर तू शिकवायलाच तयार नव्हतीस. भिंतीवरच्या तक्त्यावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतंस. "करायला हवं होतं, हे या बायका घरी दिवसभर ऐकतात. त्यासाठी आपल्याकडे फी भरून यायला नको," असं म्हणायचीस.

आता मी त्या शेवटच्या ओळीत अडकलेय, शैला. सकाळी डोळा उघडला की तिथेच असते, आणि दिवसभर तिथून हलत नाही.

त्या दिवशी हेतलबेनने ढोकळा आणला होता. क्लास सुटल्यावर तू खुर्चीला टेकून म्हणालीस, "पाठ भरून आलीय गं. पित्त झालंय बहुतेक." मी काय म्हटलं? "चार-चार ढोकळे हाणल्यावर दुसरं काय होणार?" तू हसलीस. मी तुला घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही. रिक्षात बसताना तू पर्स छातीशी धरली होतीस. पण तू ती नेहमीच तशी धरायचीस. की नव्हतीस धरत? मी एवढ्या वर्षांत नीट बघितलंच नाही.

मी वर येऊन बोंबील तळायला घेतले. वरचा पंखा घरघरत होता, तव्यावर चर्र आवाज चाललेला, फोन फ्रिजवर ठेवलेला. तो वाजला. पोचली, असं मनात म्हटलं आणि मी बोंबील उलटले. मग तो थांबला. फोनवर अजून तेवढंच दिसतंय, तुझं नाव आणि एक वाजून बारा मिनिटं. किती वेळ वाजला ते फोन सांगत नाही. आणि मी, जिने सव्वीस वर्षं तिसरी रिंग वाजू दिली नाही, त्या मला आठवत नाही की दोनदा वाजून थांबला की वाजतच राहिला होता. दोनदा असेल तर तू पोचलीस, मला कळवलंस, आणि जे झालं ते नंतर झालं. दहा-बारा वेळा असेल तर तू मला बोलावत होतीस. रोज डोळे मिटून मी तो आवाज पुन्हा ऐकायचा प्रयत्न करते. कधी दोन रिंगा ऐकू येतात, कधी बारा. ज्या दिवशी जे ऐकायची भीती वाटते, त्या दिवशी तेच ऐकू येतं.

अडीचला भावोजींचा फोन आला. ते दुपारचे आतल्या खोलीत दार लावून झोपतात, तुला वेगळं काय सांगू. चहासाठी उठून बाहेर आले तर तू हॉलमधल्या खुर्चीवर, पायात चप्पल तशीच, फोन मांडीवर. मी पोचेपर्यंत तुझी मृणाल ऑफिसमधून आली होती. शेजारणी होत्या, डॉक्टर येऊन गेले होते. त्या गर्दीत मृणालने माझा हात धरला आणि विचारलं, "मावशी, आईच्या फोनमध्ये शेवटचा नंबर तुझा आहे. काय म्हणाली गं?"

"पोचले म्हणाली," मी सांगितलं.

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं, शैला. खरंच सांगते. अकरा वर्षं तो फोन मला तेवढंच सांगत आला होता, म्हणून तोंडातून तेवढंच निघालं. पण मृणालच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडलं आणि ती लगेच भावोजींकडे वळली. "पप्पा, आई मावशीशी बोलली. पोचले म्हणाली. व्यवस्थित होती." भावोजी तेव्हा पहिल्यांदा रडले. शेजारीण म्हणाली, म्हणजे क्षणात झालं असणार, तिला काही कळलं पण नसणार. आणि तुझ्या त्या लाडक्या धड्यातली सगळी वाक्यं माझ्या एका वाक्यावर उभी राहिली. मी तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग ते वाक्य माझ्या हातात राहिलंच नाही. तुझी नणंद आली, तिला मृणालने सांगितलं. शाळेतले सहकारी आले, त्यांना भावोजींनी. पाचव्या दिवशी भावोजी गॅलरीत मला एकटीला गाठून म्हणाले, "सुनंदाताई, मी बारा फुटांवर झोपलो होतो हो. दार लावून. तिनं हाक मारली असेल तर?" आणि मी म्हटलं, "छे. हाक मारली नसणार. माझ्याशी बोलली ना ती नीट." एकदा बोललेलं खोटं एकटं राहत नाही म्हणतात, ते असं.

आठ दिवसांनी क्लास उघडला. मला उघडायचा नव्हता, पण पारूबाई कुलपाशी येऊन उभी राहिली. कुणी वही काढली नाही. हेतलबेन म्हणाली, "दीदी, टीचर को तो टाइमही नहीं मिला होगा ना? किसी को फोन भी नहीं कर पाई होगी." मी म्हणाले, "किया था. मुझे किया था. बोली, पहुँच गई." सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे डॉक्टर भेटले, त्यांना मी तेच इंग्रजीत सांगितलं. एका खोट्याची तीन भाषांतली भाषांतरं झाली बघ, आणि तिन्हीत माझं व्याकरण बिनचूक. तू तपासून लाल पेनाने बरोबरची खूण केली असतीस.

म्हणून काल मी ठरवून आले होते. कार्यक्रम संपला की मृणालला सांगून टाकायचं. ती रागावली, बोलायची बंद झाली, तरी चालेल. हाटकेशच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या साडीत मी दुसऱ्या रांगेत बसले. तुझ्याकडे इतकी वर्षं येऊन बुद्धवंदना मलाही पाठ झालीय. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते, आणि चौथ्या शीलापाशी आले. खोटं न बोलण्याचं ते शील. माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला काय माहीत. त्यानंतर पाचच मिनिटांनी मला माइकवर बोलावलं.

सगळे पांगल्यावर मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले. मृणाल उरलेली खीर डब्यात भरत होती. तुझाच तो झाकण न लागणारा डबा.

"मृणाल, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. मी फोन उचललाच नव्हता."

ती वळली नाही. "माहितेय, मावशी."

"कसं?"

"आईचा फोन माझ्याकडेच आहे ना. तुझ्या नावापुढे शून्य सेकंद दिसतंय. मी तिथेच बघितलं होतं."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू काहीतरी सांगशील म्हणून." तिने डबा खाली ठेवला. "तुझ्या आधी एक फोन आहे. एक वाजून दहा. मला केलेला. मी मीटिंगमध्ये होते. मी कट केला, मावशी. वाजलासुद्धा नाही नीट, मी लगेच कट केला."

शैला, ती अगं तुझ्यासारखीच उभी राहते, एका पायावर भार देऊन.

"रोज करायची ती याच वेळेला," मृणाल म्हणाली. "जेवलीस का, एवढं विचारायला. मी निम्म्या वेळा कटच करते. मग ती तुला मिस्ड कॉल देत असेल."

"मग रोजचाच असेल," मी म्हटलं.

"असेल."

"आधी तुला, मग मला, असं रोज असायचं का?"

"मागचे सगळे बघितले मी. कधी आधी तू, कधी मी. त्यावरून काही कळत नाही." ती ओट्याला टेकली. "तू पोचले म्हणाली असं सांगितलंस ना, तेव्हा मला कळलं होतं तू खोटं बोलतेयस. पण मला श्वास घेता आला. म्हणून मी पप्पांना सांगितलं. मग सगळ्यांनाच सांगत सुटले."

आम्ही दोघी तिथेच खाली बसलो, फरशीवर. मला वाटलं होतं, सांगितल्यावर सुटेन. कसली सुटतेय! आतापर्यंत मी एकटी कोंडले गेले होते, आता मृणालही माझ्याबरोबर आत आली, एवढंच. तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "पप्पांना नको सांगायला, ना?" मी म्हटलं, "बघू." खरं तर मी त्यांनाही सांगायच्या तयारीनेच उठत होते. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

तेवढ्यात बाहेरून भावोजींची हाक आली. "सुनंदाताई, जरा बाहेर येता का?"

त्यांचे एक जुने ऑफिसमधले मित्र कल्याणहून उशिरा पोचले होते. भावोजी तुझ्या फोटोजवळच्या खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. ते मित्राला म्हणाले, "या शैलाच्या मैत्रीण. शेवटचं यांच्याशीच बोलली ती. ताई, तुम्हीच सांगा यांना, काय म्हणाली ते." आणि माझ्याकडे बघत राहिले. पंधरा दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत असं थेट बघितलं नव्हतं. मित्रासाठी नव्हते विचारत ते. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. बारा फुटांवर झोपलेला माणूस रोज कुणाकडून तरी ते ऐकल्याशिवाय उठून उभा राहू शकत नव्हता.

मृणाल माझ्या मागे दारात येऊन थांबली होती.

मी म्हटलं, "पोचले म्हणाली. ऊन फार आहे म्हणाली." आणि मग, शैला, मी थांबले नाही. "आणि म्हणाली, हे झोपलेत शांत, त्यांना उठवत नाही."

भावोजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, माझी चोरी पकडली गेली.

"असं म्हणाली?"

"हो."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत."

"गडबडीत राहून गेलं, भावोजी."

ते तुझ्या फोटोकडे बघून मान हलवत राहिले. "अशीच होती," मित्राला म्हणाले. "दार लोटतानासुद्धा आवाज करायची नाही." मागे मृणालने माझ्या साडीचा पदर मुठीत धरला होता. तिने तो सोडला नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आई गेल्यापासून पप्पा हॉलमध्ये खुर्चीवरच डुलक्या काढत होते, आत पाय ठेवत नव्हते. काल पहिल्यांदा आतल्या खोलीत जाऊन पलंगावर झोपले. एवढं सांगून तिने फोन ठेवला.

तू ते वाक्य बोलली नाहीस, शैला. बोलली असतीस का? असतीस, असं मला वाटतं. तशी तू होतीस. पण तू त्यांना हाक मारली असशील आणि ती बंद दाराच्या अलीकडेच राहिली असेल, हेही होऊ शकतं, आणि तसं झालं असेल तर मी तुझ्या तोंडात तुझ्याच विरुद्धची साक्ष घातलीय. ते कळायचा आता काही मार्ग नाही. मृणालला नाही, मला नाही. भावोजी उद्या विचारतील, तुझा पहिला स्मृतिदिन येईल तेव्हा विचारतील, पाहुणे येतील तेव्हा विचारतील, आणि मला तेच शब्द, त्याच क्रमाने सांगावे लागतील. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते पुन्हा त्या खुर्चीवर येऊन बसतील.

फोन उचलला नाही, त्याबद्दल मला माफ कर. पाणीसुद्धा विचारलं नाही, त्याबद्दल माफ कर. त्या वाक्याबद्दल मात्र मी तुझी माफी मागणार नाही. ते मला आता मरेपर्यंत सांभाळायचंय.